पिंजऱ्याचा हिशेब रानात

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात प्राणिसंग्रहालय नाही. वाघ-सिंह गजाआड बघायचे तर नागपूर गाठावं लागतं. पण रानातलं जनावर बघायला इथल्या माणसाला दर वेळी तिकीट काढावं लागतं असंही नाही. गोंदिया तालुक्यातच परसवाडा आणि झिलमिलीच्या तलावांवर सारस येतात आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमध्ये घरटी करतात. नागझिरा तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. १९७० मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं नवेगाव, दोन्ही २०१३ पासून एकाच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत.

इथून नागपूरकडे प्राण्यांचीही वाहतूक होते. विहिरीत पडलेला बिबट, आईपासून तुटलेले बछडे, माणसावर हल्ला केलेला वाघ असे पूर्व विदर्भातले प्राणी पिंजऱ्यात घालून नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेले जातात. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला प्राणिसंग्रहालय म्हणजे सुट्टीच्या दिवशी पोरांना न्यायची जागा. पूर्व विदर्भ हा प्रेक्षक तर आहेच, शिवाय प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांचा पुरवठादारही आहे. म्हणून आधुनिक प्राणिसंग्रहालयं वन्यजीव वाचवतात का आणि माणसांना काही शिकवतात का, या प्रश्नाचं उत्तर इथून शोधणं योग्य ठरेल.

या प्रश्नावर दोन ठरलेली मतं आहेत. एक म्हणतं, पिंजरा तो पिंजरा, सगळे बंद करा. दुसरं म्हणतं, प्राणिसंग्रहालयं नसती तर कितीतरी प्रजाती केव्हाच संपल्या असत्या. दोन्ही मतांना आधार देणारी उदाहरणं आहेत, पण ती वेगवेगळ्या कामांची आहेत. प्रजनन, उपचार आणि शिक्षण ही तीन कामं सुटी करून प्रत्येकाचं फळ पिंजऱ्याबाहेर, रानात आणि शेतात तपासलं, तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

हौसेपासून कायद्यापर्यंत

लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये अभ्यासकांसाठी सुरू झालं आणि १८४७ मध्ये सर्वसामान्यांना खुलं झालं. जर्मनीत कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये हाम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक खोदून प्राणी मोकळ्यावर ठेवल्याचा आभास निर्माण केला. आजची मोठी प्राणिसंग्रहालयं अजून त्याच कल्पनेवर उभी आहेत. हिंदुस्थानात चेन्नई, तिरुवनंतपुरम, जुनागड आणि कोलकाता इथली संग्रहालयं एकोणिसाव्या शतकातलीच. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळ्यात १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १८९० मध्ये तिथे प्राणी आले. नागपूरच्या भोसल्यांच्या महाराजबागेत १८९४ पासून प्राणी आहेत. तिचा कारभार आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. पुण्यात १९५३ मध्ये पेशवे पार्क झालं आणि १९९९ मध्ये त्याची जागा कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाने घेतली.

या सगळ्या काळात कुठला प्राणी किती जागेत ठेवायचा, त्याला काय खायला द्यायचं, तो मेला तर कोणाला कळवायचं हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांचं वेगळं प्रकरणच नव्हतं. ते १९९१ च्या दुरुस्तीने आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही, हे तेव्हापासून ठरलं. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने संवर्धनाला साहाय्य हा या संस्थांचा मुख्य हेतू मानला. त्याच वर्षीच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आणली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्कशीतल्या वाघ-सिंहांचे खेळ त्यामुळे संपले.

२०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. लोकांना न दाखवता प्राणी सांभाळणारी बचाव केंद्रं आणि प्रजनन केंद्रंही प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत आली. म्हणजे बघायला कोणी येत नाही अशी जागाही आता कायद्याच्या दृष्टीने प्राणिसंग्रहालयच आहे. पुढे दिसेल की संवर्धनाचं खरं काम बहुधा अशाच बंद दारांआड होतं.

नियमांचा बडगा महाराष्ट्रालाही बसला आहे. २०१८ मध्ये प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता काढण्याचा निर्णय घेतला. अपील झालं आणि संग्रहालय तगलं. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानावरही अपुऱ्या जागेपायी त्याच सुमारास तशीच वेळ आली आणि मिटमिट्याला मोठ्या जागेत नवं उद्यान उभारायचं ठरलं. शहराच्या मधोमध काही एकरांत वाघ ठेवायचे दिवस सरले, एवढं तरी या घडामोडींनी स्पष्ट केलं.

प्रजनन: कुठे फळलं, कुठे फसलं

प्राणिसंग्रहालयांच्या बाजूने सांगितलं जाणारं सर्वांत जुनं उदाहरण अरबी ओरिक्सचं आहे. या वाळवंटी हरणाचे मोजके जीव १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जमवले गेले. १९७२ मध्ये रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला आणि १९८२ मध्ये बंदिवासातल्या कळपाची संतती ओमानच्या वाळवंटात सोडण्यात आली. मंगोलियातला रानघोडा १९९२ मध्ये असाच परतला. कॅलिफोर्नियाची काँडोर गिधाडं १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरली होती आणि तीही सगळी पिंजऱ्यात. आज त्यांची संख्या पाचशेवर आहे. आसामात पिग्मी हॉग या बुटक्या रानडुकराचं प्रजनन १९९६ मध्ये सुरू झालं आणि २००८ पासून त्यांना गवताळ रानात सोडलं जातं.

या कथा इथेच थांबवल्या तर त्या प्राणिसंग्रहालयांच्या जाहिराती होतात. पुढचा भाग असा. ओमानमध्ये सोडलेले ओरिक्स चांगले वाढले, पण पुढे शिकाऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला. सरकारनेही अभयारण्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग काढून घेतला. २००७ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा यादीतून वगळली. अशी वगळली गेलेली ती जगातली पहिली जागा. काँडोर आज उडतात, पण शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं मेलेल्या प्राण्यांतून त्यांच्या पोटात जातंच. म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा पकडून रक्त तपासावं लागतं, उपचार करावे लागतात. ज्या कारणाने प्रजाती संपत होती ते कारण जागेवर राहिलं, तर पिंजऱ्यात वाढवलेले जीव त्याच मार्गाने जातात.

आपल्या गिधाडांची गोष्ट या कसोटीवर जास्त शिकवून जाते. १९९० च्या दशकात पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं देशभर कोसळली, नव्वद टक्क्यांहून अधिक संपली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या मूत्रपिंडांचा नाश करत होतं. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. त्याच सुमारास हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रजनन केंद्र उभारलं. तिथली गिधाडं २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणली गेली आणि पुढे उपग्रहाला जोडलेली यंत्रं पाठीवर बांधून सोडण्यात आली. त्यातली काही दगावली. एक मात्र ताडोब्याहून उडत तमिळनाडूत पोचलं. कारण शोधलं, औषधावर बंदी आणली, पक्षी वाढवले, मग सोडले आणि सोडल्यावरही नजर ठेवली, हा क्रम बरोबर आहे. मेलेल्या पक्ष्याची नोंदही पुढच्या खेपेला उपयोगी पडते.

चुकीच्या प्रजननाची उदाहरणंही घरचीच आहेत. पंजाबात छतबीरच्या प्राणिसंग्रहालयात सर्कशीतल्या आफ्रिकन सिंहांचा आशियाई सिंहांशी संकर झाला आणि अशी संकरित प्रजा बरीच वाढली. शेवटी त्यांचं प्रजनन थांबवावं लागलं. रानात सोडायला ते सिंह निरुपयोगी होते. पांढऱ्या वाघाचं आकर्षण तर अजून ओसरलेलं नाही. त्याचा रंग एका जनुकातल्या बदलाने येतो. रेवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन या नर वाघापासून जवळच्या नात्यात संकर करत हा वंश वाढवला गेला. गर्दी खेचण्यापलीकडे त्याचा संवर्धनाशी काहीही संबंध नाही.

वाघ परत जातो का

महाराष्ट्रात वाघाला प्राणिसंग्रहालयातल्या प्रजननाची गरजच नाही. २०२२ च्या गणनेनुसार राज्यात ४४४ वाघ आहेत आणि चंद्रपूर भागात त्यांची दाटी झाली आहे. तरीही संभाजीनगरला वाघ जन्मत राहिले आणि इतर शहरांना दिले गेले. २०२० मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत आलेली शक्ती-करिश्मा ही जोडी तिथलीच. महानगरपालिकांमधली ही देवघेव प्रेक्षकांसाठी आहे. तिला संवर्धन म्हणण्याचं कारण नाही.

नवेगाव-नागझिऱ्यात वाघ वाढवायचे ठरलं, तेव्हा वनखात्याने कुठल्याही प्राणिसंग्रहालयाचं दार ठोठावलं नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन रानवट वाघिणी २०२३ च्या मे महिन्यात इथे आणून सोडल्या आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिसरी. वाघ स्वतःही असा प्रवास करतात. नागझिऱ्याचा जय २०१३ मध्ये शंभरावर किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि तिथे राज्य करून २०१६ मध्ये बेपत्ता झाला. अशा वाघाला गरज असते ती एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या वाटेची. रस्ते, रेल्वे आणि कालवे ती वाट तोडतात. कोणताही पिंजरा ती जोडून देत नाही.

पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला रानात परत पाठवणं अशक्य नाही, पण फार अवघड आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तिची मादी बछडी त्याच वर्षीच्या डिसेंबरात पकडून पेंचमधल्या बंदिस्त कुंपणात वाढवली गेली आणि २०२१ च्या मार्चमध्ये रानात सोडली. दहा दिवसांच्या आत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीतल्या जखमांनी ती मेली. मध्य प्रदेशात उलट झालं. कान्हाच्या कुंपणात वाढलेल्या दोन अनाथ वाघिणी २०११ मध्ये पन्नात सोडल्या आणि दोघींनीही पिल्लं दिली. पन्नात तेव्हा वाघ संपून गेले होते आणि नव्याने आणलेले मोजकेच होते. पेंचमध्ये प्रत्येक तुकड्याचा धनी आधीच ठरलेला होता. वाघिणीचं शिकारीचं शिक्षण कसं झालं, याइतकंच तिला मोकळी जागा मिळाली का यावर यश अवलंबून असतं.

उपचार: दवाखाना आणि जन्मठेप

विदर्भापुरतं बोलायचं तर प्राणिसंग्रहालयांचं सर्वांत निकडीचं काम उपचाराचं आहे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र २०१५ पासून चालतं. जखमी प्राणी आणायचा, बरा करायचा आणि शक्य तितक्या लवकर परत सोडायचा, असा त्याचा हेतू आहे. गोरेवाड्याचं बचाव केंद्रही त्याच सुमारास उभं राहिलं. परत सोडता न येणारे प्राणी तिथे राहतात. त्याच परिसरात २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानाची सफारी सुरू झाली. वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी असे तिचे चार भाग आहेत. जोडीला वन्यप्राण्यांच्या रोगांचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्र आहे. त्याचा फायदा गोंदियाच्या वनपालाला, पशुवैद्याला आणि त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या प्राण्याला होतो.

मात्र बचाव केंद्र हा शब्द दिलासा देतो तेवढा तिथला हिशेब सोपा नाही. माणूस मारलेला वाघ गावकऱ्यांच्या रोषातून वाचतो, पण उरलेलं आयुष्य खोलीत आणि आवारात काढतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे संघर्ष वाढला की पकडलेले वाघ वाढतात आणि केंद्रांवरचा भार वाढतो. एका जागी अनेक मांसाहारी प्राणी म्हणजे रोगाला आमंत्रण. २०२४ च्या डिसेंबरअखेर गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट काही दिवसांत मेले. तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. संघर्षातून वाचवून चंद्रपूरहून आणलेले वाघ बर्ड फ्लूने जावेत, यातून जेवणाच्या तपासणीचं आणि विलगीकरणाचं महत्त्व सगळ्या देशाला कळलं. २०२५ च्या जुलैत कात्रजला चितळांवरही असाच साथीचा घाला आला. जो रोग रानात विरळ पसरतो तो आवारात एका आठवड्यात सगळा कळप उजाड करतो.

बचावाचं काम आता खासगी हातांतही मोठ्या प्रमाणात गेलं आहे. २०२२ मध्ये ताडोबा आणि गडचिरोलीतले काही पाळीव हत्ती गुजरातेत जामनगरला हलवले, तेव्हा विदर्भात विरोध झाला. २०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्याच वनतारा या खासगी बचाव केंद्रात गेली, तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर आली. मठात एकट्या बांधलेल्या हत्तिणीचं हित एका बाजूला आणि पिढ्यांचा लळा दुसऱ्या बाजूला. उत्तर कोणतंही दिलं तरी एक गोष्ट उरते. सार्वजनिक असो की खासगी, प्राणी कुठून आला, कुठल्या अवस्थेत आहे आणि का परत पाठवता येत नाही, हे लोकांना तपासता आलं पाहिजे.

शिक्षण: बघणं आणि समजणं

शिक्षणाचा दावा सगळ्यांत मोठ्याने केला जातो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो. जगभरातल्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांना आणि मत्स्यालयांना मिळून वर्षाला सत्तर कोटी लोक भेट देतात, असं त्यांची जागतिक संघटना सांगते. ते काही शिकतात का? २६ संस्थांमध्ये साडेपाच हजारांहून अधिक प्रेक्षकांना भेटीआधी आणि नंतर प्रश्न विचारणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जैवविविधतेची बरी समज दाखवणारे भेटीपूर्वी सुमारे ७० टक्के होते, नंतर ७५ टक्के. बदल खरा आहे, पण मोठा नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात शाळकरी मुलांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात समजावून सांगणारा शिक्षक बरोबर असलेल्या मुलांपैकी ४१ टक्क्यांची समज सुधारली आणि आपापली फिरलेल्यांपैकी ३४ टक्क्यांची. म्हणजे वाघाला नुसतं बघून फारसं शिकणं होत नाही. सांगणारं माणूस लागतं. आपल्याकडे सहल म्हणजे शंभर मुलं, दोन शिक्षक आणि साडेचारची परतीची गाडी. त्यात हे माणूस बहुधा नसतंच.

काय दाखवायचं, हाही शिक्षणाचाच भाग. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. एक काही महिन्यांत मेला आणि बाकीच्यांना बघायला २०१७ पासून रांगा लागल्या. प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास झालं तरी गर्दी हटली नाही. तिकिटातून संग्रहालय चालतं, हे मान्य. पण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा पक्षी थंड केलेल्या खोलीत बघून मुंबईच्या मुलाला आपल्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांबद्दल काय कळतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

याउलट ज्या शिक्षणाचं फळ मोजता येतं असं एक उदाहरण पुण्यात आहे. कात्रजच्या आवारात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सर्पोद्यान उभं राहिलं. विषारी कोणता, बिनविषारी कोणता, साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना कसा गाठायचा, हे तिथे पिढ्यांनी ऐकलं. भारतात दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक माणसं सर्पदंशाने मरतात आणि त्यात शेतात राबणारे जास्त. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गोंदियाच्या बायांना घोणस आणि मण्यार ओळखता येणं पेंग्विन ओळखण्यापेक्षा शंभरपट उपयोगाचं आहे. जिथे राहतो तिथल्या जनावरांशी कसं वागायचं, हे शिकवणारं प्राणिसंग्रहालयच शिक्षणाचं नाव घेऊ शकतं.

सारस: कुडव्याच्या वेशीवरची परीक्षा

या तिन्ही कामांची परीक्षा एका पक्ष्यावर घेता येते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला सारस महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदियात उरला आहे. थोडे भंडाऱ्यात आणि बाघ-वैनगंगेपलीकडे बालाघाटात आहेत. गोंदियातली संख्या अलीकडच्या गणनांत काही डझनांपुरतीच राहिली. जोडी वर्षाला बहुधा दोनच अंडी घालते, तीही धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या काठाला. बांधी बुडाली, कुत्र्यांनी पिल्लू उचललं, फवारणीचं विष पोटात गेलं, विजेच्या तारेला पंख लागले, की वर्षाची वाढ गेली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. गोंदियाच्या सेवा या संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी वर्षानुवर्षं घरट्यांवर नजर ठेवून आहेत. सारस जे काही टिकले आहेत, त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

मग सारसाचं प्रजनन पिंजऱ्यात करून संख्या वाढवावी का? असा विचार मनात येणं साहजिक आहे आणि त्याला बाहेर एक भक्कम आधारही आहे. थायलंडमध्ये सारस १९६० च्या दशकात रानातून नाहीसा झाला. तिथल्या कोराट प्राणिसंग्रहालयात वाढवलेले पक्षी २०११ पासून बुरिराम प्रांतातल्या भातशेतीच्या आणि पाणथळीच्या प्रदेशात सोडले गेले. त्यांनी शेतात घरटी केली, पिल्लंही वाढवली. पण त्या यशात प्राणिसंग्रहालयाइतकाच हात शेतकऱ्यांचा आहे. आसपासच्या गावांनी रासायनिक फवारणी सोडायला सुरुवात केली आणि आपला भात सारसाच्या नावाने विकला. पक्षी संग्रहालयातून आले, पण ते जगले बांधीच्या मालकांमुळे.

अमेरिकेतल्या हूपिंग क्रौंचाची गोष्ट दुसरी बाजू दाखवते. १९४१ मध्ये हे क्रौंच वीस-बावीसच उरले होते. आज आठशेच्या आसपास आहेत. माणसं क्रौंचासारखी वेषभूषा करून पिल्लांना भरवत, म्हणजे त्यांना माणसाची ओळख लागू नये. २००१ पासून तर छोट्या विमानामागून उडवत त्यांना हिवाळी स्थलांतराची वाट शिकवली. ते उडायला शिकले, पण विस्कॉन्सिनमध्ये अशा पक्ष्यांच्या घरट्यांतून पिल्लं फारशी वाढली नाहीत आणि विमानाचा प्रयोग २०१६ मध्ये थांबवावा लागला. संख्या वाढली ती मुख्यतः कॅनडा-टेक्सासच्या रानवट कळपात, जो कधी पिंजऱ्यात गेलाच नव्हता.

माणसाची ओळख लागल्यावर सारसाचं काय होतं, हे आपणही पाहिलं आहे. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका शेतकऱ्याने जखमी सारसाला बरं केलं. तो त्याच्या मागे-मागे उडू लागला आणि देशभर गाजला. २०२३ मध्ये वनखात्याने पक्षी आधी अभयारण्यात आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला. लोकांनी मालकाशी झालेली ताटातूट पाहिली. रानात पुन्हा जगू न शकणारा एक सारस फार कोणाच्या लक्षात आला नाही.

आणखी एक मुद्दा मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. भारतात सारस अजून हजारोंनी आहेत, विशेषतः उत्तर प्रदेशात. गोंदियाचा प्रश्न पक्ष्यांच्या तुटवड्याचा नाही, जागेचा आहे. राजस्थानात माळढोकाची अंडी रानातून उचलून जैसलमेरजवळच्या केंद्रात २०१९ पासून वाढवावी लागली आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्माला आलं. माळढोकाची सोलापूरच्या नान्नजला काय गत झाली, ते महाराष्ट्राने बघितलं आहे. माळ तुटले, तारा वाढल्या, पक्षी गेले. प्रजनन केंद्र उभं करण्याची वेळ येणं म्हणजे आधीची सगळी कामं राहून गेल्याची कबुली. सारसाच्या बाबतीत ती कामं अजून करता येण्यासारखी आहेत. घरट्यांजवळच्या तारांना आवरण घालणं किंवा त्या जमिनीखालून नेणं, बांधीतल्या घरट्याची नुकसानभरपाई शेतकऱ्याच्या हाती वेळेवर देणं, माजी मालगुजारी तलावांवरची अतिक्रमणं आणि गाळ काढणं. त्यातलं एकही काम प्राणिसंग्रहालय करू शकत नाही.

मग प्राणिसंग्रहालय कशासाठी

या आढाव्यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, बंदिवासातलं प्रजनन ही शेवटची तरतूद आहे. ती तेव्हाच फळते जेव्हा मारणारं कारण आधी हटवलेलं असतं, वंश शुद्ध असतो आणि सोडण्याची योजना पहिल्या दिवसापासून असते. पिंजोरची गिधाडं या कसोटीवर उतरतात, पांढरे वाघ उतरत नाहीत. दुसरा, उपचार आणि रोगांचं संशोधन ही आजच्या महाराष्ट्रात प्राणिसंग्रहालयांची सर्वांत भक्कम बाजू आहे. पण बिबट-वाघ पकडून आणण्याचा वेग कमी झाला नाही, तर दवाखान्याचं कोंडवाड्यात रूपांतर व्हायला वेळ लागणार नाही. तिसरा, शिक्षण हे दाखवण्यापेक्षा सांगण्यावर अवलंबून आहे. गोरेवाड्याच्या सफारीत किंवा महाराजबागेत गोंदियाच्या शाळेची सहल आली, तर तिला सारस, घोणस, अस्वल आणि बिबट्याशी कसं राहायचं ते सांगणारा एक माणूस मिळायला हवा. त्या एका पगाराइतकं शिक्षण नव्या पिंजऱ्यातून होणार नाही.

राहिला पैशांचा आणि विश्वासाचा प्रश्न. आपण तिकीट काढतो, महानगरपालिका कर घेते, राज्य सरकार निधी देतं. त्या बदल्यात प्रत्येक प्राणिसंग्रहालयाने प्रवेशद्वारावर एक फलक लावावा. त्यावर गेल्या वर्षी किती प्राणी आले, कुठून आले, किती मेले आणि कशाने, किती परत सोडले आणि सोडलेल्यांपैकी किती जिवंत असल्याची खात्री आहे, एवढंच लिहावं. प्राण्यांची वार्षिक नोंद प्राधिकरणाकडे जातेच. ती मराठीत रंगवून दारावर लावायला एका पेंग्विनच्या खोलीचा खर्च येत नाही. असा फलक वाचून आत जाणारा माणूस वाघाला खडा मारायच्या आधी दोनदा विचार करेल, आणि आपल्या भागातून पकडून नेलेल्या बिबट्याचं पुढे काय झालं हे कुडव्याच्या माणसालाही तिथे वाचायला मिळेल.